उतरता खांदा

६ फेब्रुवारी

काड्या,

कसा आहेस हे विचारत नाही. विचारलं तर तू उत्तर लिहायला बसशील, आणि उत्तर लिहायचं नाही असं मी तुला मागच्या दारात बजावलं होतं. हे पाकीट पत्र्याच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय. तो आपल्याकडे माल उतरवून सीमेपलीकडे जातो. माणूस तोंडाचा घट्ट आहे, पाकिटात काय आहे हे त्याने विचारलेलं नाही. वाचून झालं की जाळून टाक.

लिहायचं कारण असं. चौकीवरच्या स्फोटात गेलेल्या तुमच्या तुकडीचं स्मारक होतंय, टेकडीखालच्या मैदानात. पुतळाबितळा नाही. राजधानीतून एक शिल्पकार बाई आल्या आहेत. त्यांच्या डोक्यातून निघालंय की प्रत्येक जवानाची त्याच्याच उंचीची आकृती पोलादाच्या पत्र्यातून कापायची आणि मैदानात नुसती उभी करायची. नाक नाही, डोळे नाहीत, गणवेश नाही, फक्त शरीराची कड. घरच्या दारात उभा राहायचा तसा प्रत्येकजण उभा. रंगसुद्धा द्यायचा नाही, उघड्यावर गंजू द्यायचं. त्यासाठी वेगळा पत्रा येतो, तो वरून गंजतो आणि आतून शाबूत राहतो.

कापायचं काम आपल्या कारखान्याला मिळालं. बाबा गेल्यापासून एवढं मोठं काम आलं नव्हतं, आणि आलं ते हे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आईने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, माझं पोर परक्याच्या हातून कापून घेणार नाही. 

हो, त्यात तूही आहेस. सरकारी कागदात, आईच्या मनात आणि आख्ख्या गल्लीत तू त्या चौकीवर मेलेला आहेस. बंद पेटी आली, वर तुझं नाव होतं, उघडायची नाही असा हुकूम होता, आणि आम्ही ती तशीच मातीत ठेवली. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी तू कारखान्याच्या मागच्या दारात येऊन उभा राहिलास. दाढी वाढलेली, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर सावरून धरलेलं. माझ्या हातून ग्राइंडर पडला, तो अजून नीट चालत नाही. तू दिवसभर पत्र्यांच्या थप्पीमागे बसलास, माझा डबा संपवलास, आणि निघताना म्हणालास, आईला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. ते खरं आहे म्हणून मी ऐकलं.

तू पळालास याचा मला राग नाही. मी असते तर मीही पळाले असते. राग याचा आहे की हे ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून गेलास. आई ताट वाढताना अजून तुझं नाव घेते, आणि मी खाली मान घालून जेवते. पळून गेलेल्या जवानाचं काय करतात ते तुला माहीत आहे, ते मला इथे लिहायला लावू नकोस.

पेटीत कोण होतं, हे मी तेव्हा तुला विचारलं नाही. आता दिवसभर तेच डोक्यात असतं.

ताई


१९ फेब्रुवारी

काड्या,

सावल्यांचं काम सुरू झालं. फोटोत माणसाचा चेहरा असतो, त्याचं उभं राहणं नसतं, म्हणून बाईंनी युक्ती काढली. घरातला त्याच अंगलटीचा कोणीतरी दिव्यासमोर उभा करायचा. त्याची सावली मागच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर पडते. मग घरचे सांगतात, मान जरा पुढे, पाय फाकलेले, हात खिशात. त्यांचं समाधान झालं की मी कोळशाने सावलीची कड गिरवते. तोच कागद पत्र्यावर पसरायचा आणि गॅस कटरने कापत जायचं.

तुमच्यातल्या ढोल्याच्या बायकोने दिराला उभं केलं आणि त्याच्या शर्टात उशी कोंबली. म्हणाली, पोट नसेल तर मी याला ओळखू कशी? आम्ही सगळे हसलो, तीही हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. वायरलेसवाल्याचे वडील स्वतःच उभे राहिले, तेही चौकटीला टेकून, कारण त्यांचा मुलगा जन्मात कधी सरळ उभा राहिला नाही. ही माणसं जाताना माझे हात धरतात. म्हणतात, पोरी, तुझं दुःख आम्हाला कळतं. मी मान हलवते. मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही, काड्या.

काल आपली पाळी होती. तुझी नि माझी उंची सारखी, म्हणून आईने मलाच उभं केलं. गिरवायला बाई बसल्या. दिवा डोळ्यांवर आला, समोरचं काही दिसेना, आणि मी तुला आठवत उभी राहिले.  एरवी आईने दुसऱ्यांच्या पोरांचे पायसुद्धा सरळ करायला लावले होते, पण माझ्या वेळी चकार शब्द नाही. बाईंनी दोनदा विचारलं की असाच का. मग ती म्हणाली, असाच, गिरवा.

आज सकाळी तो कागद पत्र्यावर पसरला आणि तेव्हा मला दिसलं. डावा खांदा उतरलेला. उजवं कोपर बाहेर आलेलं, कारण उजवा हात डाव्या हाताला धरायला गेलाय. तू असा कधीच उभा राहायचा नाहीस. तुझे दोन्ही हात कायम डोक्यामागे असायचे, त्यावरून बाबांच्या शिव्या खायचास. मी तुला मागच्या दारात पाहिला तसा उभा केलाय. स्फोटानंतर ज्याने तुला पाहिलंय, त्यालाच हा खांदा ठाऊक असणार.

पुन्हा गिरवायचं तर बाईंना कारण सांगायला हवं, आणि आई सगळ्यांसमोर असाच म्हणून बसली आहे. मी दिवसभर दुसरी कामं काढली. संध्याकाळी कापला.

आईने नीट पाहिलं नसेल. तिचा चष्मा घरी राहिला होता.

ताई


११ मार्च

काड्या,

सगळ्या आकृत्या कारखान्याच्या मागच्या अंगणात गंजायला उभ्या आहेत. मी सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन त्यांच्यावर पाणी मारते. तुझ्यावर पाणी मारताना मी दुसरीकडे बघते, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

आज तुमचा स्वयंपाकी आला. तोच, स्फोटाच्या दिवशी रसद आणायला खाली गावात गेला होता म्हणून वाचलेला. उद्घाटनाला त्याने बोलायचं असं सैनिक मंडळाच्या साहेबांनी ठरवलंय, आणि आकृत्या ओळखू येतात का हेही त्यानेच सांगायचं. तो एकेकापुढे थांबत गेला आणि कोण ते सांगत गेला, एकदाही चुकला नाही. ढोल्याच्या पोटावर थाप मारली. मग तुझ्यापुढे आला आणि त्याचा चेहराच बदलला.

"हा कोण?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"याचा हात असा कधी झाला?"

मी सांगितलं की लहानपणी झाडावरून पडला होता, थंडीत दुखायचा, म्हणून धरायचा. इतकं खोटं मी एका दमात कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, मी त्याला दोन वेळा वाढायचो. हात डोक्यामागे घेऊन बाकावर रेलायचा आणि वाढून होईस्तोवर गाणं म्हणायचा. त्याच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

मी पाणी मारत राहिले. तो तुझ्यासमोरून हलेना. आधी तळवा त्या खांद्यावर ठेवला, मग काढून घेतला. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाला. फाटकातून वळून म्हणाला की तपासणीला साहेबांबरोबर पुन्हा येईन. काड्या, माझी पाचावर धारण बसली आहे. या माणसाने साहेबांच्या कानात एक वाक्य घातलं की तुझा शोध सुरू होईल, आणि सुरुवात आपल्या घरापासून होईल.

२० मार्च

तेव्हा ट्रकवाला आलाच नाही, म्हणून हे पत्र अजून माझ्यापाशी आहे. मधल्या काळात मी एक शहाणपणा करून ठेवलाय. स्वयंपाकी गेल्यावर तुझी आकृती आत घेतली आणि उतरत्या खांद्यावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून तो उजव्याच्या बरोबरीला आणला. घासून सारखा केला. दिसायला छान दिसत होता. पण तो खास पत्रा संपला होता, म्हणून तुकडा साध्या पत्र्याचा घेतला, आणि साधा पत्रा साध्यासारखाच गंजला. बाकीचा तू गडद तपकिरी झालास आणि खांदा केशरी. सांध्याची रेघही उठून आली. आता रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा आधी तुझा खांदा दिसतो. बाबा असते तर कान उपटले असते.

तुकडा काढला तरी व्रण राहणार. ठेवला तर हा असा. रस्त्यावर गाडी थांबली की मला साहेब आल्यासारखं वाटतं.

ताई


२ एप्रिल

काड्या,

लिहू नकोस म्हटलं होतं तरी तुझं पत्र आलं. म्हणे उद्घाटनाला येतो. गर्दीत दाढीवाल्याला कोण ओळखणार, आईला लांबून बघेन, आणि धीर झाला तर पुढे होऊन सगळं सांगून टाकेन. तुला वेड लागलंय का? मैदानाच्या चारी वाटांवर तपासणी असणार आहे. सांगून टाकेन म्हणे. तू सांगून मोकळा होशील आणि आम्ही तुला दुसऱ्यांदा मातीत ठेवू.

आज काय झालं ते ऐक आणि मग ठरव.

दुपारी साहेब आले, बरोबर स्वयंपाकी. आई माझा डबा घेऊन आली होती, ती तिथेच होती. साहेब मऊ बोलणारा माणूस आहे. अशा माणसांची मला जास्त धास्ती वाटते. बाकीच्या आकृत्यांवरून त्यांची नजर नुसती फिरली आणि तुझ्यावर येऊन थांबली. हे काय, म्हणाले. पत्र्यात खोट होती, मी म्हटलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सांध्यावरून ओढली. खोट कडेला आणि बरोबर खांद्याच्या आकाराची कशी, म्हणाले. मग अगदी सहज म्हणाले की त्या चौकीवरून खाली गेलेले पावलांचे ठसे दिसले होते, त्याबद्दल वरून अजून विचारणा होते. आणि स्वयंपाक्याकडे वळले. "तू सांग. हा तोच का?"

स्वयंपाक्याने तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"साहेब, तो तुकडा म्हणजे माझ्या लेकीचा शहाणपणा आहे. माझं पोर जन्मापासून डाव्या खांद्यात उतरतं होतं. भरतीच्या वेळी छाती ताणून लपवलं, तुमच्या डॉक्टरला पत्ता लागला नाही. लोक हसतील म्हणून हिने वर ठिगळ लावलं. थोरले, काढ तो तुकडा. होता तसा राहू दे त्याला."

हे आपली आई बोलत होती. शेजारणीपासून लपवायची गोष्ट त्याच शेजारणीला विश्वासात घेऊन सांगणारी आपली आई. आवाज कापला नाही, नजर ढळली नाही. मी कटर शोधायचं निमित्त करून खाली वाकले, कारण माझ्या तोंडावर काय दिसत होतं कोण जाणे.

साहेबांनी स्वयंपाक्याकडे पाहिलं. स्वयंपाक्याने आईकडे पाहिलं, मग आकृतीकडे. तेवढ्या वेळात मी तुला कितीदा गमावलं ते सांगता येणार नाही.

"बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "हा असाच उभा राहायचा."

साहेबांनी किल्ली खिशात ठेवली आणि गाडीकडे गेले. स्वयंपाकी मागे थांबला. आईने त्याला स्टूल दिलं. हातातली टोपी फिरवत तो बोलायला लागला. तो जे बोलला ते तुला माहीत असणार, तरी लिहिते.

चौकीवर एक पाणीवाला होता. खालच्या झऱ्यावरून कॅन भरून आणायचा, डाव्या खांद्यावर. कॅन उतरवला तरी खांदा वर यायचा नाही, म्हणून रिकामा असला की उजव्या हाताने डावं कोपर सावरून उभा राहायचा. तो कोणत्याही यादीत नव्हता. स्वयंपाक्यानेच त्याला दोन वेळच्या जेवणावर ठेवून घेतलं होतं. कुठून आला, घरी कोण आहे, हे कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. स्फोट झाला तेव्हा तो वरच होता. स्वयंपाकी परत आला आणि पाणीवाल्याचं विचारत सुटला, तेव्हा त्याला सांगितलं गेलं की असा कोणी माणूस नव्हता, चौकीवर जेवढे होते तेवढे सापडले, हिशोब जुळला.

"त्या दिवशी तुमच्या अंगणात आलो तर तो उभा," तो म्हणाला. "पाणी उतरवून उभा राहायचा, अगदी तसा."

तू कुठे आहेस हे त्याने विचारलं नाही. उठताना फक्त म्हणाला की याला इथून कधी हलवू देऊ नका, बाकी मला काही माहीत करून घ्यायचं नाही.

घरी जाताना आई माझ्या पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली, पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "जेवतो का नीट?"

 मी मान हलवली. ती म्हणाली, तू दिव्यासमोर तशी उभी राहिलीस ना, तेव्हाच कळलं मला, तू त्याला बघून आलीस. आठवणीतला असता तर हात डोक्यामागे गेले असते. मग म्हणाली, भाजी घ्यायची राहिली, आणि वळली.

तेव्हा काड्या, येऊ नकोस. आईला कळलंय. तुला एवढंच हवं होतं ना?

ताई


१८ एप्रिल

काड्या,

झालं उद्घाटन. तू आला नाहीस असं धरून लिहितेय. भाषणं चालू असताना मी फक्त गर्दी बघत होते. एका दाढीवाल्याने खिशात हात घातला, डोकं थोडं तिरपं केलं, आणि मी चटकन पुढे सरकले. तो तू नव्हतास. तपासणीवाल्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि सोडलं.

तुकडा मी काढला. खांदा पुन्हा उतरता झाला आणि सांध्याचा व्रण राहिला. लोक तो बघतात आणि स्फोटात त्याला तिथेच लागलं असं एकमेकांना सांगतात. स्वयंपाकी चार वाक्यं बोलला. शेवटी म्हणाला की इथे उभा असलेला प्रत्येकजण त्या दिवशी वर होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पण भीती संपली असं समजू नकोस. मैदानाच्या कडेच्या बाकावर रोज संध्याकाळी एक माणूस वर्तमानपत्र घेऊन बसतो. त्याची पानं उलटत नाहीत. कोणत्या आकृतीपुढे कोण येतं, किती वेळ थांबतं, हे तो बघतो. साहेबांचाच माणूस आहे. ज्या घरचे येणार नाहीत, त्या घराबद्दल तो काय लिहील ते कळायला फार अक्कल लागत नाही.

म्हणून आई रोज जाते. आणि माझा जीव रोज टांगणीला लागतो, कारण आपल्या आईला आता आनंद झालाय. स्वयंपाक करताना गुणगुणते. परवा आरशात बघून केस विंचरले. अशी बाई त्या माणसासमोर मेलेल्या पोराची आई म्हणून कशी उभी राहणार? ढोल्याची बायको तिचा हात धरून बसते, तेव्हा मला वाटतं आता हिच्या तोंडून निसटणार. मी झाडाआडून बघत असते. पण ती रडते. खरं रडते, खांदे हलेपर्यंत. मला वाटलं सोंग शिकली. काल विचारलं तर म्हणाली, पत्रात थोडी जागा ठेव, मी त्यालाच सांगते.

ठेवली आहे.

ताई


पोरा,

थोरलीने एवढीच जागा ठेवली, म्हणून बारीक लिहिते. खांद्याला तेल कोमट करून लाव, चोळू नकोस. जड उचलू नकोस.

मी रोज मैदानात जाते. पहिल्या दिवशी मलाच भीती होती, की मला हसू येईल आणि तुझा घात होईल. तसं होत नाही. तिथे गेले की तू माझ्या मनात येतच नाहीस. ते पाणीवालं पोर येतं. तुम्हा सगळ्यांसाठी पाणी चढवत होतं, आणि मी त्याला तुझं नाव देऊन मातीत ठेवलं. त्याच्या आईला कोणी कळवलं नाही. ती कुठेतरी त्याची वाट बघत असेल, मी तुझी बघायचे तशीच. ती येईपर्यंत तिच्या जागी मी रडते. बाकावरच्या त्या माणसाला ते खरं दिसतं, कारण ते खरंच आहे.

तू परत आलास तर तुला नेतील, हे थोरली तुला सांगतेच. पण तुझं नाव जिवंत झालं की त्याला पण त्या मैदानातून उपटतील. कोणत्याच यादीत नव्हता तो, तेवढीच एक जागा त्याला मिळाली आहे, तीही तुझ्या नावाने.

तुला बघायला जीव तुटतो. येऊ नकोस.

आई